शंभर टक्के निकाल, पण बसले किती?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लालबाग, परळ, काळाचौकी, शिवडी या पट्ट्यातल्या माध्यमिक शाळांची तुलना करणारा तक्ता आपल्या पुरवणीत आला होता. शाळेचे नाव, माध्यम आणि दहावीच्या निकालाची टक्केवारी. आमच्या चाळीत तो अंक दोन दिवस या घरातून त्या घरात फिरला. मीही तो जपून ठेवला, कारण माझी मुलगी महापालिकेच्या मराठी शाळेतून नुकतीच आठवी पास झाली आणि तिची शाळा आठवीलाच संपते. महापालिकेच्या प्राथमिक शाळा भरपूर, माध्यमिक त्या मानाने फारच कमी. शिक्षण हक्क कायदाही सहा ते चौदा वयापुरता, म्हणजे आठवीपर्यंतच. नववीला कुठे जायचे ते ज्याचे त्याने बघायचे.

तक्त्यात वरच्या नंबरात असलेल्या एका अनुदानित शाळेत आम्ही आधी गेलो. फाटकावर ‘१०० टक्के निकाल’ असा बॅनर, त्यावर मुलांपेक्षा मोठे फोटो पुढाऱ्यांचे. ऑफिसातल्या क्लार्कने दाखला हातात घ्यायच्या आधी विचारले, “आठवीला गणितात किती?” मी सांगितले. “मग जरा अवघड आहे ताई,” म्हणाले. बाहेर पडताना भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे लक्ष गेले. नववीच्या तुकड्या दोन, दहावीची एकच.

उरलेली तुकडी कुठे जाते हे मला शेजारणीमुळे ठाऊक होते. तिचा मुलगा अशाच एका शाळेत नववीत गणित-विज्ञानात गेला. तिला बोलावून गोड शब्दांत समजावले, “पुन्हा नववीत बसवून काय करता? दाखला घ्या, १७ नंबरचा फॉर्म भरा, पोराचे वर्ष वाचेल.” वर्ष वाचते हे खरेच आहे. पण १७ नंबरवाला मुलगा बोर्डाच्या कागदावर खाजगी विद्यार्थी. तो पास होवो की नापास, शाळेच्या निकालात त्याचा हिशोब नाही. वर्षभर ना वर्ग, ना सराव परीक्षा, ना कुणी वही तपासणारे. शेजारणीच्या मुलाचे दोन विषय राहिले, एटीकेटीवर, म्हणजे ते विषय नंतर सोडवायच्या अटीवर, कशीबशी अकरावी मिळाली. त्याच्या आधीच्या शाळेचा बॅनर त्या वर्षीही लागलाच. सगळ्याच शाळा असे करतात असे मी म्हणत नाही. पण टक्केवारीचा तक्ता पाहून करणारी कोण आणि न करणारी कोण हे कळत नाही, एवढे मात्र नक्की.

टक्केवारी किती लवचिक असते ते बोर्डाच्याच आकड्यांवरून दिसते. २०१८ साली राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता. पुढच्या वर्षी भाषेची २० गुणांची तोंडी बंद झाली आणि निकाल ७७.१० वर आला. ते गुण परत दिल्यावर २०२० मध्ये ९५.३० (त्या वर्षी भूगोलाचा पेपर टाळेबंदीमुळे झालाच नाही, ते वेगळे). २०२१ मध्ये तर परीक्षाच नव्हती, निकाल ९९.९५. चार वर्षांत मुले एवढी हुशार झाली, ढ झाली आणि पुन्हा हुशार झाली असे कुणी म्हणेल का?

शेवटी आम्ही महापालिकेच्या एका माध्यमिक शाळेत गेलो. आपल्या तक्त्यात तिचे स्थान बरेच खाली आहे. जिन्यात पान खाऊन थुंकल्याचे डाग, पंखा खडखडणारा, आणि अर्धे शिक्षक निवडणुकीच्या कामाला गेलेले. हे खटकले, खोटे कशाला सांगू? पण प्रयोगशाळेचे दार उघडे होते. बाई मुलींना चंचुपात्रात थेंब थेंब आम्ल सोडायला लावत होत्या आणि एक मुलगी गुलाबी रंग उडाला म्हणून ओरडली. आधीच्या शाळेत प्रयोगशाळा दाखवा म्हटल्यावर किल्ली शिपायाकडे होती आणि शिपाई रजेवर. या बाईंनी माझ्या मुलीचे गुण विचारलेच नाहीत. “गणिताची भीती आहे का?” एवढेच विचारले. “नापास झालेल्यांना आम्ही काढत नाही, म्हणून आमचा निकाल असा दिसतो,” हेही त्यांनीच सांगितले. मुलीचे नाव तिथेच घातले.

माझी विनंती छोटी आहे. पुढच्या वर्षी तक्ता छापाल तेव्हा प्रत्येक शाळेपुढे आणखी दोन रकाने द्या: आदल्या वर्षी नववीच्या पटावर किती मुले होती आणि त्यांतली किती त्याच शाळेतून दहावीला बसली. इयत्तावार पट शाळा दरवर्षी यूडायसला (शाळांच्या माहितीच्या सरकारी नोंदप्रणालीला) कळवतातच, तो मिळवणे वार्ताहराला जड नाही. गणित आणि विज्ञानाला कायम शिक्षक आहेत की तासावर आणलेले, हेही विचारता आले तर बरे. जागा कमी पडत असेल तर बॅनरवरच्या पुढाऱ्यांचे फोटो वगळलेत तरी आम्हा वाचकांची काही हरकत नाही.

आपली,
एक पालक, काळाचौकी, मुंबई