हेल्मेट डोक्यावर, पट्टा मोकळा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हेल्मेटसक्तीचा विषय निघाला की ‘डोकं माझं, फुटलं तर माझं फुटेल’ हे वाक्य येतंच. अमेरिकेत तर याच युक्तिवादापायी कायदे मागे घेतले गेले. १९६६ मध्ये केंद्राने निधीची अट घालून राज्यांना हेल्मेटचे कायदे करायला लावले. १९७६ मध्ये ती अट सैल झाली आणि पाठोपाठ अनेक राज्यांनी सक्ती उठवली. इलिनॉय, आयोवा, न्यू हॅम्पशायरमध्ये ती आजही नाही. डोकं ज्याचं त्याचं हे मान्य, पण अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर रात्री काढणारी माणसं दुसरी असतात, एवढंच म्हणतो.

ही सक्ती कुणा अधिकाऱ्याची लहर नव्हे. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून ओळखले जाणारे ब्रिटिश लष्करी अधिकारी टी. ई. लॉरेन्स १९३५ मध्ये मोटरसायकलवरून पडून गेले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत मेंदूचे शल्यविशारद ह्यू केर्न्स होते. पुढे महायुद्धात मोटरसायकलवरून निरोप पोचवणाऱ्या जवानांच्या डोक्याच्या दुखापती केर्न्स यांनी अभ्यासल्या, १९४१ मध्ये निष्कर्ष छापले आणि ब्रिटिश लष्कराने या जवानांना हेल्मेट बंधनकारक केलं. तिथल्या सामान्य चालकांवर सक्ती यायला मात्र १९७३ उजाडलं!

तेव्हा सक्ती हवीच. माझी तक्रार वेगळी आहे. तपासणी होते ती फक्त डोक्यावर काही आहे का, याची. हनुवटीखालचा पट्टा कुणी बघत नाही. मीही कित्येक वर्षं तो मोकळाच सोडून गाडी चालवली. गुदमरल्यासारखं होतं म्हणून. एकदा वाळूवर चाक घसरलं. मी रस्त्यावर आपटायच्या आधीच हेल्मेट गडगडत पुढे गेलं होतं. खांद्यावर निभावलं, इतकंच.

हेल्मेटचं खरं काम आतला थर्माकोलसारखा थर करतो. बाहेरचं कवच मार पसरवतं, हा थर चेपतो आणि डोकं थांबायला काही मिलिसेकंद जास्त मिळतात. तो एकदाच चेपतो, म्हणून जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी बाद समजायचं. अनेक अभ्यास एकत्र तपासून २००८ मध्ये आलेल्या, कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या आढाव्यानुसार हेल्मेटमुळे अपघातात मृत्यूचा धोका ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी घटतो. पण त्यासाठी ते आपटताना डोक्यावर असायला हवं ना?

व्हिएतनामने १५ डिसेंबर २००७ पासून सर्व रस्त्यांवर सक्ती केली आणि बघता बघता बहुतेक डोकी झाकली गेली. पुढे लक्षात आलं की त्यातली बरीच हेल्मेटं निकृष्ट, नुसती टोपीवजा. डोकी मोजणाऱ्या तपासणीला हा फरक दिसतच नाही.

म्हणून तपासणाऱ्यांनी चालकाला थांबवल्यावर पट्ट्याखाली बोट घालून बघावं, आणि मोकळा असेल तर हेल्मेट नसल्याइतकाच दंड करावा. घरच्या घरीही बघता येतं: पट्टा लावून हेल्मेटची मागची कड धरायची आणि पुढे ओढायची. माझं जुनं हेल्मेट पट्टा लावूनही सरळ हातात आलं.

आपला,
एक दुचाकीस्वार