रेनो अमेरिकेत का टिकली नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रेनो अमेरिकेत का चालली नाही असं कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं, अमेरिकन माणसाला मोठी गाडी लागते आणि फ्रेंचांच्या गाड्या पडल्या छोट्या. मला हे कधीच पटलेलं नाही, म्हणून हे पत्र लिहितोय. अहो त्याच काळात फोक्सवॅगनची बीटलसुद्धा छोटीच होती, पिकअप तिलाही नव्हता, इंजिन तिचंही मागेच, आणि तरी ती तिथे वर्षानुवर्षं खपत राहिली. मग आकाराला दोष कसा द्यायचा?

सुरुवात दोफिनपासून करू. 1956 ला आलेली गाडी, 845 सीसीचं इंजिन, चार दरवाजे, दिसायला फार गोड, आणि पेट्रोल कमी पिणारी. 1959 मध्ये रेनोने अमेरिकेत लाखाच्या आसपास गाड्या विकल्या, हा काही लहानसहान आकडा नव्हे, म्हणजे लोकांना छोटी गाडी हवी होती हे तिथेच सिद्ध झालं. पण दोनच वर्षांत खप निम्म्याच्याही खाली आला आणि न खपलेल्या गाड्या बंदरांवर रांगा लावून उभ्या राहिल्या.

असं का झालं? एक तर ही गाडी फ्रान्सच्या रस्त्यांसाठी केलेली. तिथे गावं जवळजवळ, थोडं चालवा, थांबा, परत चालवा. आणि अमेरिकेत नेमका 1956 लाच इंटरस्टेट हायवेचा कायदा झाला, म्हणजे माणूस तासन्‌तास एकाच वेगाने गाडी हाकणार. दोफिनला शून्यापासून ताशी 60 मैलांपर्यंत जायला 32 सेकंद लागायचे, अशा गाडीला दिवसभर पूर्ण ताणून पळवायचं म्हणजे इंजिनाचे हाल. त्यात उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, ते खालून पत्र्याला लागलं की गंज आलाच, आणि दोफिनचा पत्रा त्याला अजिबात पुरा पडला नाही. मी उमेदीची सगळी वर्षं गाड्यांच्या सर्व्हिसिंगमध्ये घालवली आहेत, तेव्हा एक सांगतो, गंजलेला पत्रा गिऱ्हाईक कधीच विसरत नाही, इंजिनाचं दुखणं एकवेळ विसरेल.

पण माझ्या मते याहून मोठी चूक दुसरीच होती. गाड्या भराभर पाठवल्या, डीलर नेमले, पण डीलरकडे दुरुस्ती करणारी शिकलेली माणसं आणि स्पेअर पार्ट आहेत का हे नीट बघितलं नाही. फोक्सवॅगनचे प्रमुख नॉर्डहॉफ याच्या बरोब्बर उलट वागले, आधी सर्व्हिस, मग विक्री. त्यांच्याकडे डीलर व्हायचं तर वर्कशॉप आणि पार्टचा साठा असायलाच हवा. 1959 च्या शेवटी शेव्हरलेची कॉर्व्हेअर, फोर्डची फाल्कन आणि क्रायस्लरची व्हॅलियंट अशा घरच्याच लहान गाड्या बाजारात आल्या तेव्हा परदेशी गाड्यांच्या धंद्याला फटका बसला, रेनोचं तर कंबरडं मोडलं, पण बीटलचा खप त्याही पुढच्या वर्षी वाढला. ज्याची गाडी बंद पडल्यावर दोन दिवसांत दुरुस्त होऊन मिळते तो पुढची गाडी त्याच कंपनीची घेतो, आणि ज्याची महिनाभर पार्टसाठी पडून राहते तो शेजाऱ्यालाही घेऊ देत नाही, इतकं साधं आहे हे.

आता मला वाटतं रेनोला हे नंतर कळलं होतं, आणि म्हणूनच 1979 ला त्यांनी अमेरिकन मोटर्सशी करार केला. तयार डीलर मिळाले, विस्कॉन्सिनमधला केनोशाचा कारखाना मिळाला, आणि 1980 संपेपर्यंत रेनोकडे त्या कंपनीचा 46 टक्के हिस्सा आला. रेनो 9 थोडी बदलून तिथेच बनवली आणि नाव दिलं अलायन्स, तिला 1983 चा मोटर ट्रेंड मासिकाचा कार ऑफ द इयर मिळाला, सुरुवातीला खपलीही छान. पण परत तेच, दोन-तीन वर्षांनी बिघाडांच्या तक्रारी, रीसेलला भाव नाही, आणि वर 1986 मध्ये तेलाच्या किमती कोसळल्या त्यामुळे पेट्रोल वाचवणाऱ्या गाडीची ओढच संपली. शेजारी टोयोटा, होंडा उभ्या, त्या तेवढ्याच छोट्या आणि बिघाडाचं नाव नाही. तेव्हा गिऱ्हाईक गेलं त्याचं मला नवल वाटत नाही.

तिकडे फ्रान्समध्ये रेनो सरकारी कंपनी, 1984 मध्ये तोटा 12 अब्ज फ्रँकच्या वर. इथे कामगार कमी करताय आणि पैसे अमेरिकेत ओतताय, असा ओरडा सुरू झाला, आणि ज्याची नोकरी जाते त्याच्या जागी उभं राहून बघितलं तर तो चुकीचाही नव्हता. अध्यक्ष जॉर्ज बेस यांची 17 नोव्हेंबर 1986 ला पॅरिसमध्ये घरासमोरच गोळ्या घालून हत्या झाली, अतिरेकी डाव्या गटाने केली ती. त्यांच्या जागी आलेल्या रेमॉन लेव्हींच्या काळात, पुढच्या मार्चमध्ये, रेनोने आपला हिस्सा क्रायस्लरला देऊन टाकायचं ठरवलं.

मला खरं वाईट वाटतं ते इथे. अमेरिकन मोटर्सकडे जीप होती, आणि क्रायस्लरचे प्रमुख ली आयाकोका यांची नजर जीपवरच होती. 1984 ची चेरोकी रेनो बरोबर असतानाच आली होती आणि ती धो धो खपत होती. रेनोतून आलेले फ्रान्स्वा कास्तँ तिथल्या इंजिनिअरिंगचे प्रमुख, ते क्रायस्लरमध्ये गेले आणि तिथेही मोठे झाले. रेनो 25 वरून घडवलेली प्रीमियर गाडी तयार होती, कॅनडात ब्रॅमली इथे तिच्यासाठी नवा कारखाना उभा होता, ती शेवटी ईगल प्रीमियर म्हणून विकली, रेनोचं नावच नाही. आणि अमेरिकन मोटर्समध्येच ज्या जीपवर काम सुरू झालं होतं ती ग्रँड चेरोकी 1992 ला बाजारात आली, क्रायस्लरला तिने भरपूर पैसा मिळवून दिला. तोवर रेनोला अमेरिका सोडून पाच वर्षं झाली होती.

आपला,
एक नियमित वाचक