सिल्व्हर घोस्टचा सुतार कुठं गेला?

माननीय संपादक, स.न.

रविवारच्या पुरवणीत रोल्स-रॉईसच्या 'सिल्व्हर घोस्ट' या जुन्या मोटारीवर पानभर लेख आला. दोनदा वाचला. इंजिनाचं वर्णन झकास आहे, पण ज्यांनी त्या गाडीची बॉडी बांधली त्यांच्याबद्दल एक ओळ नाही. मी सुताराचा पोरगा, त्यात २९ वर्षं हिंगण्याच्या एसटी कार्यशाळेत बसच्या बॉड्या बांधल्या. म्हणून राहवलं नाही.

रोल्स-रॉईस त्या काळी तयार गाडी विकतच नव्हती. गिऱ्हाइकाला मिळायची ती चेसिस, म्हणजे इंजिन-चाकांसकट नुसता उघडा सांगाडा. बॉडी बांधायला ती घोड्यांच्या बग्ग्या करणाऱ्या कारखान्यात जायची. लेखासोबत छापलेली चंदेरी गाडी, नंबर एएक्स २०१, तिची बॉडी लंडनच्या बार्कर कंपनीची. ही मंडळी मोटार जन्माला यायच्या कितीतरी आधीपासून बग्ग्या करत होती. ॲश नावाच्या लवचीक लाकडाचा सांगाडा आणि वर पत्रा, अशी तिकडच्या बॉड्यांची रीत. आमच्याकडेही चेसिस उघडीच यायची. ड्रायव्हर डोक्याला दुपट्टा गुंडाळून, डोळे लाल करून उतरायचा आणि आधी पाणी मागायचा.

आणखी एक. 'सिल्व्हर घोस्ट' हे मुळात त्या एकाच गाडीचं नाव. मॉडेल होतं ४०/५० अश्वशक्तीचं, १९०६ मध्ये लंडनच्या ऑलिम्पिया प्रदर्शनात दाखवलेलं. कंपनीचा कारभारी क्लॉड जॉन्सन याने १९०७ मध्ये एका गाडीला चंदेरी रंग देऊन हे नाव ठेवलं आणि पुढे लोकांनी सगळ्या भावंडांना तेच चिकटवलं.

त्याच वर्षी ती लंडन-ग्लासगो २७ वेळा पळवली, १५,००० मैल. ६२९ मैलांवर धक्क्यांनी पेट्रोलचा कॉक आपोआप बंद झाला, तेवढीच काय ती थांबली. शेवटी खोलून पाहिली, तर झिजलेलं सामान बदलायला २ पौंड २ शिलिंग ७ पेन्स लागले. सहा सिलिंडर, ७,०३६ सीसी, सात बेअरिंगांवर फिरणारा क्रँक (इंजिनाचा मुख्य दांडा), हे घडवणाऱ्या रॉईसला सलाम. पीठगिरणीवाल्याचा पोरगा, लहानपणी पेपर विकलेला, तो माणूस मला आपला वाटतो. पण तेवढे मैल इंजिनाने काढले तसे बॉडीनेही काढले ना! एक सांधा जरी कुरकुरला असता तर भुतासारखी बिनआवाजी म्हणून 'घोस्ट' कोण म्हणालं असतं?

माझे वडील दमण्या, म्हणजे माणसं न्यायच्या हलक्या बैलगाड्या, करत. एकदा घाईत ओलं लाकूड वापरलं आणि नवरदेवाची दमणी अख्खी वाट करकरत गेली. वऱ्हाडी हसले. बाप घरी येऊन एवढंच बोलला, "लाकूड बोललं तं सुताराचं नाक गेलं समज." त्या रात्री तो जेवला नाही.

सुरुवातीच्या त्या गाड्यांची चाकंही लाकडी आऱ्यांचीच. लेखकाने फोटो जरा जवळून पाहिला असता तर दिसलं असतं. त्याऐवजी राजाने रोल्स-रॉईस कचरा वाहायला लावल्याचा किस्सा निम्मा रकाना खाऊन गेला. तो किस्सा व्हॉट्सॲपवर मला चारदा आलाय, दरवेळी राजा वेगळा.

आमच्या घरामागे वडिलांच्या हातचं एक चाक अजून उभं आहे. तुंबा (मधला गड्डा) बाभळीचा, आरे शाबूत. आपला बातमीदार इकडे आला तर दाखवीन. फक्त पावसाळ्यानंतर पाठवा. उन्हाने लाकूड आटलंय, धाव (वरची लोखंडी पट्टी) हलते, आणि लाकूड फुगायला चाक बुडवून ठेवावं तर आमचा नाला फेब्रुवारीतच कोरडा पडला.

आपला,
एक निवृत्त एसटी कारागीर
ता. दारव्हा, जि. यवतमाळ