गाठ कोणती, हे कागदावर लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परभणीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी काम करते. ‘टाटाला जायचंय, ब्लॉक द्या,’ म्हणत मुंबईच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलला निघालेले नातेवाईक येतात. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा. तो शर्टाच्या आतल्या खिशात जपून ठेवतात आणि रात्रीची देवगिरी एक्स्प्रेस गाठतात. सोबतच्या कार्डावर एवढंच असतं : स्वादुपिंडाचा कॅन्सर. कोणता, ते नसतं. जे जाऊ शकत नाहीत, त्यांना गावात कुणीतरी सांगतं, ‘स्वादुपिंडाचा म्हणजे संपलं.’ माणूस घरी नेला जातो.

स्वादुपिंडाचे बहुतेक कॅन्सर झपाट्याने वाढतात, हे खरंच आहे. पण संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींतून होणारी न्यूरोएंडोक्राइन गाठ वेगळी; ती बहुधा सावकाश वाढते. ‘ॲपल’च्या स्टीव्ह जॉब्ज यांना तीच होती. निदान २००३चं, मृत्यू २०११चा. तरुण मुलींत दिसणारी सॉलिड स्यूडोपॅपिलरी गाठ तर ऑपरेशनने बहुतेक वेळा पूर्ण बरी होते. अशा एखाद्या विशीतल्या मुलीला ‘संपलं’ म्हणून घरी बसवलं गेलं असेल, या विचाराने जीव कासावीस होतो.

अमेरिकेत १९७३ पासून ‘सीअर’ या कॅन्सर नोंदणीत रुग्णाचा वंश, गाठीचा प्रकार, टप्पा, शस्त्रक्रिया झाली की नाही, सगळं लिहिलं जातं. म्हणूनच तिथे कळलं की, न्यूरोएंडोक्राइन गाठ असलेल्या कृष्णवर्णीय रुग्णांची शस्त्रक्रिया गोऱ्यांपेक्षा कमी वेळा होते. काही फरक गाठीच्या स्वभावातही असेल. पण ऑपरेशनच्या टेबलापर्यंत न पोचणं हा रक्ताचा दोष नव्हे.

आपल्याकडे हा प्रश्न वंशाऐवजी तालुक्याचा, जमिनीचा, जातीचा, बाईमाणसाचा आहे. सेनगावच्या शेतमजूर बाईचं आणि संभाजीनगरच्या नोकरदाराचं निदान एकाच टप्प्यावर होतं का? नोंद असेल तरच सांगता येईल. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते. संभाजीनगर, बीड, धाराशिवलाही झाली. म्हणजे हे जमणारं काम आहे. पण रिपोर्टातच प्रकार नसेल, तर नोंदणीवाल्यांनी लिहायचं काय?

तेव्हा आरोग्य खात्याला विनंती : गाठ न्यूरोएंडोक्राइन आहे का आणि किती वेगाने वाढतेय, हे सांगणाऱ्या क्रोमोग्रॅनिन, सिनॅप्टोफायसिन आणि केआय-६७ या तपासण्या मराठवाड्यातल्या प्रत्येक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मोफत व्हाव्यात. आणि आठही जिल्ह्यांच्या नोंदीत रुग्णाचा तालुका, गाठीचा नेमका प्रकार आणि शस्त्रक्रिया झाली नसल्यास तिचं कारण लिहिलं जावं. सुरुवात परभणीपासून करा.

आपली,
एक लॅब टेक्निशियन, परभणी