दारातली बाई

इंदूर,
भाद्रपद वद्य पंचमी

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

तू पणजीचा फोटो साफ करून पाठवलास त्याला आता दोन महिने होत आले. बाबांना तो इतका आवडला की दुसऱ्याच दिवशी त्यांनी तो मोठा करून आणला. डाग गेले, चिरा गेल्या, चेहरा उजळला. तू किती मायेने केलंस ते मला कळतं. पण मनू, त्या फोटोत दारात उभी असलेली बाई तुझी पणजी नाही. फोनवर हे धड सांगून झालं नसतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

मुळात आषाढात फ्रेमच्या आत बुरशी दिसली म्हणून मी तो फोटो काढायला घेतला. एका कोपऱ्यात तो काचेला चिकटला होता. मी ओढला. पणजोबांच्या धोतराच्या काठाचा नखाएवढा तुकडा काचेवरच राहिला. लोकमान्य नगरात एक जुने फोटोग्राफर राहतात, त्यांच्याकडे रडकुंडीला येऊन गेले. ते म्हणाले, कागदावरचा चित्राचा थर जिलेटिनचा असतो, पावसाळी दमटपणाने तो मऊ होतो आणि काचेला धरतो. अशा वेळी काढायचाच नसतो, काचेसकट तसाच स्कॅन करायचा. तुझ्या घरी फ्रेममध्ये काही असेल तर आधी हे लक्षात ठेव. गेलेला तुकडा परत येत नाही.

त्या निमित्ताने आजींची पत्र्याची ट्रंक उघडली. एकूण ६३ फोटो निघाले, आणि मागे नाव लिहिलेले फक्त ११. आजी होत्या तोवर ती ट्रंक कितीदा उन्हात ठेवली असेल, पण एकदाही त्यांच्याजवळ बसून हा कोण, ही कोण असं विचारलं नाही. याची खंत मला आता फार वाटते.

घरात सांगणारं कोणी उरलं नाही, म्हणून बाहेर विचारायचं ठरवलं. रामबागेतलं आपलं घर विकून किती वर्षं झाली, आणि तिथली जुनी मंडळीही कधीच लोकमान्य नगर, टिळक नगर, राजेंद्र नगर अशी पांगली. पण इंदुरातल्या मराठी माणसांचं एक बरं आहे, मंगळागौर आणि गणपती आले की सगळी पुन्हा एकत्र दिसतात. मी प्रत्येक फोटोची मोठी प्रत काढून घेतली, कडेला लिहायला जागा सोडून, आणि ती पिशवी श्रावणापासून खांद्याला लावली. मूळ फोटो घरातच ठेवले. पहिल्याच मंगळागौरीला चूक कळली. चौघीजणी एकदम पाहत होत्या, एकीने नाव घेतलं की बाकीच्यांना तेच आठवायचं. पुढे मी एकेकीला वेगळं बसवून दाखवायला लागले. आणि "हे कोण" असं विचारलं की माणसं बावरतात. "हा ओटा कुणाचा", "हातात काय आहे" असं विचारलं की बोलती होतात, आणि नाव मागून आपोआप येतं.

आधी पगडीवाल्यांचं सांगते. जाड पुठ्ठ्यावरचा तो तपकिरी फोटो, झुबकेदार मिशांचा. बाबा आयुष्यभर सांगत आले की हे आपले खापरपणजोबा, होळकरांच्या दरबारातले. एका म्हाताऱ्या कीर्तनकारबुवांनी फोटो डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, ही पगडी होळकरी नाही, शिंदेशाही आहे, समोरचं टोक बघा. इंदूर होळकरांचं, उज्जैन शिंद्यांचं, देवास आणि धार पवारांचं. आपल्याकडे पन्नास-साठ किलोमीटरवर राज्य बदलायचं आणि त्याबरोबर डोक्यावरची पगडीही. मग माझ्या डोक्यात लखकन प्रकाश पडला. ट्रंक आजींची, आजींचं माहेर उज्जैनचं. हे त्यांचे आजोबा! लग्नात त्यांनी माहेरचे फोटो बरोबर आणले, आणि सासरी येऊन ते आपल्याच घराण्याचे होऊन बसले. मीही सून म्हणूनच या घरात आले, पण इतक्या वर्षांत मलासुद्धा ही शंका आली नाही.

बाबांना त्या पुठ्ठ्याबद्दल आणखी एक आशा होती, की फोटो लाला दीनदयाळांनी काढलेला असावा. इंदुरात ही आशा पुष्कळ घरांत असते, कारण ते आपल्या इंदुरातच घडले. इथल्या बांधकाम खात्यात नकाशे काढण्याची नोकरी होती त्यांना. १८७४ च्या सुमारास कॅमेरा हाती घेतला, आणि ज्यांच्या नावाचं डेली कॉलेज आहे त्या सर हेन्री डेलींनी त्यांना पाठबळ दिलं. पुढे निजामाच्या राज्यात, सिकंदराबादेत त्यांचा स्टुडिओ झाला, १८९६ मध्ये मुंबईतही. आमच्या फोटोग्राफरांनी भिंग लावून खालची पुसट सोनेरी अक्षरं पाहिली. स्टुडिओचं नाव लागलं नाही, पण गावाचं नाव लागलं, उज्जैन. दीनदयाळ राहिले बाजूला, पण बुवांचं म्हणणं खरं ठरलं.

आजोबांचा क्रिकेटचा फोटोही होळकर संघाचा नाही. यशवंत क्लबवर उमेदीची वर्षं काढलेल्या एका काकांना दाखवला. होळकर संघाने १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात चार वेळा रणजी जिंकली, आणि त्या वेळचा एकेक चेहरा त्यांना पाठ आहे. कर्नल नायडू यात नाहीत, मुश्ताक अली नाहीत, हा होळकर कॉलेजचा संघ आहे, म्हणाले. बाबा दोन दिवस गप्प होते. मला मात्र कॉलेजातले आजोबा जास्त आवडले.

आता दारातल्या बाईंचं. फोटो डोळ्यांसमोर आण. ओसरीवर खुर्ची, खुर्चीत पणजोबा, त्यांच्या गुडघ्याशी आजोबा, आठेक वर्षांचे, शेजारी दात पडलेली आत्याआजी. आणि मागे दाराच्या चौकटीत, निम्मी उजेडात निम्मी अंधारात, डोक्यावरून पदर घेतलेली बाई. दोन मुलं, वडील, म्हणजे ही आईच, असं सगळ्यांनी धरलं. कपाळ मोकळं दिसायचं, तर मी समजत होते की कुंकू काळाने पुसट झालं असेल. फोटोग्राफर म्हणाले, वहिनी, तसं होत नाही. त्या काळच्या काचांना आणि फिल्मला बहुधा तांबडा रंग दिसायचाच नाही, त्यामुळे फोटोत कुंकू काळंभोर उमटतं. आत्याआजीच्या कपाळावर बघा, टिकली एवढी ठसठशीत आहे. या बाईंच्या कपाळावर कुंकू नव्हतंच.

म्हणजे विधवा. आणि पणजोबा समोर खुर्चीत बसलेले.

तो फोटो घेऊन मी राजेंद्र नगरात एका ९२ वर्षांच्या आजींकडे गेले. त्यांचं माहेर रामबागेतलं, आपल्यापासून चार घरं सोडून. माझ्या हातात तू साफ केलेली प्रत होती, कारण ती स्वच्छ, म्हाताऱ्या डोळ्यांना दिसायला बरी. त्यांनी पुष्कळ वेळ पाहिलं. पणजोबा ओळखले, मुलं ओळखली, बाईंवर बोट ठेवून मान हलवली. "हिला मी कधी बघितलेली नाही गं." मी निघाले होते, चप्पल घालता घालता आठवलं की पिशवीत मूळ फोटोची, डागांसकटची प्रतही आहे. ती दिली. आजींनी चष्मा वर केला, कागद अगदी नाकाशी नेला, आणि बाईंच्या गालावर अंगठ्याने हळूच घासलं, जणू हाताला लागतंय का ते बघत होत्या. "अगंबाई, हे देवीचे वण. ही तर अक्का! खाणावळीची अक्का!"

मनू, तू देवीचे वण असलेला चेहरा कधी पाहिला नसशील. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ सालचा. माझ्या लहानपणी मात्र दर आळीत असे दोन-तीन चेहरे असायचे, गालभर बारीक खळगे, आणि त्याचं कोणाला काही वाटायचं नाही. तुझ्या फोनने ते वण फोटोवरचे डाग समजून बुजवले. तुझा काही दोष नाही, मीही त्यांना बुरशीच समजत होते. पण तिला ओळखणाऱ्यांनी तिला त्या वणांवरूनच ओळखलं. तो साफ फोटो अजून वर्षभर फिरवला असता तरी कोणी काही सांगू शकलं नसतं.

मग मी तोच फोटो आणखी दोघांना वेगवेगळा दाखवला. दोघांनीही न सांगता "अक्का" म्हटलं. तिघांचं मिळून असं कळलं की पणजी वारल्यावर घरात दोन लहान पोरं, पणजोबांची नोकरी फिरतीची, तेव्हा कोणीतरी देवासकडून या बाईंना आणून दिलं. स्वयंपाकाला म्हणून आल्या आणि पोरं मोठी होईपर्यंत राहिल्या. मग रामबागेतच दोन खोल्या घेऊन खाणावळ काढली, ती चीनच्या लढाईच्या सुमारापर्यंत चालली. टिळक नगरातले एक निवृत्त डॉक्टर मेडिकल कॉलेजात असताना तिथे जेवायचे. महिना थकला तरी ताट चुकलं नाही, म्हणाले. रात्री उशीर झाला तर अक्का ताट वाढून ठेवायच्या, वर परात उपडी घालायची आणि परातीवर वरवंटा, मांजराने लोटू नये म्हणून.

हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. तुला आठवतं ना? बाबांना ऑफिसातून यायला उशीर झाला की आजोबा त्यांचं ताट असंच झाकायचे. परात, आणि वर तो जड वरवंटा. घरात जाळीचं कपाट होतं, फ्रिज होता, तरी. आजी चिडायच्या की दगड कशाला ठेवता अन्नावर. आजोबा काही बोलायचे नाहीत, पण ठेवायचेच. ते कुठून आलं हे आपल्यापैकी कोणाला ठाऊक नव्हतं.

मी घरी येऊन सांगितलं तेव्हा बाबा देवघरासमोर बसले होते. दरवर्षी सर्वपित्रीला याच फोटोला हार घालतात ते. बराच वेळ बसून राहिले, मग म्हणाले, "म्हणजे माझ्या आजीचा फोटो आपल्याकडे नाहीच." तेही दुःख आहे, मनू. आजीचं नाव त्यांना माहीत आहे पण चेहरा नाही, आणि या बाईंचा चेहरा रोजचा आहे पण नाव नाही.

पुण्याच्या काकांना कळवलं, ते रागावले. स्वयंपाकीणबाईचा फोटो इतकी वर्षं देवाजवळ ठेवला आणि अजून काढला नाही, असं म्हणाले. मी त्यांना एरवी उलट बोलत नाही, या वेळी बोलले. ज्या बाईने तुमच्या वडिलांना आई नसताना वाढवलं तिला आपण चुकून का होईना हार घालत होतो, तो आता जाणूनबुजून घालू, तोही काढायचा का? फोटो जिथे होता तिथेच आहे. तू साफ केलेली प्रत मी ट्रंकेत ठेवली आहे, मागे लिहून की हे नंतरचं आहे. राग मानू नकोस.

आता बाबांच्या मनात सर्वपित्रीला अक्कांसाठी पाणी सोडायचं आहे. गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, अवश्य सोडा, गोत्र ठाऊक नसलं तर काश्यप म्हणायचं, पण नाव? आणि नाव एकालाही सांगता येत नाही. घर, गाव, ताटावरचा वरवंटा सगळं सांगतात, नावाशी आले की थांबतात. सगळ्या रामबागेची ती अक्काच. राजेंद्र नगरच्या आजींना एवढंच आठवतं की देवासहून त्यांचा एक भाचा यायचा, पेढे घेऊन. त्याची मुलगी देवासला आहे असा पत्ता काल लागला. रविवारी सकाळच्या बसने मी आणि बाबा जातो आहोत.

त्यासाठी तुझ्याकडून दोन गोष्टी हव्या आहेत. तू दिवाळीत इथे मोठ्या स्कॅनरवर जो मूळ फोटो घेतला होतास, कसलाही हात न लावलेला, तो शनिवारपर्यंत पाठव. माझ्याकडे मोबाइलवर काढलेला आहे, त्यात गाल नीट दिसत नाहीत. आणि आत्याआजीने तुला जी लाकडी फणेरपेटी दिली तिच्या आरशामागे एक छोटा फोटो आहे, तो सावकाश काढून बघ, चिकटला असेल तर ओढू नकोस. त्यात दारात कोणी उभं आहे का, आणि मागे काही लिहिलं आहे का, ते मला त्याच दिवशी फोन करून सांग.

फोटोच्या मागे मी मऊ पेन्सिलीने लिहिलं आहे, बॉलपेनची रेघ पुढे उमटते म्हणून. पणजोबा, आजोबा, आत्याआजी, तिघांची पुरी नावं, मग "रामबागेतल्या अक्का", आणि त्यापुढे एका नावापुरती जागा सोडली आहे.

तब्येतीला जप. पाऊस अजून आहे.

तुझी,
आई