पेनं प्रदर्शनाला द्या, पण आधी यादी करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत जुन्या पेनांच्या संग्रहावर लेख आला, तो दोनदा वाचला. आवडलाच, आमच्यासारख्या येड्या माणसांवर कुणी अर्धं पान खर्च करतंय हेच खूप. पण सोबतचा फोटो बघून जीव खालीवर झाला. काचेचं कपाट, तेही खिडकीसमोर, आणि पेनं रंगाप्रमाणे लावलेली. दिसायला झक्कास. पण अहो, काळं एबोनाइट (जुन्या पेनांचं कडक रबर) उजेडात ठेवलं की हळूहळू शेवाळी-तपकिरी पडतं आणि एकदा पडलं की तो काळा रंग काही परत येत नाही. बरं ते सोडा, माझी खरी तक्रार वेगळी आहे. एवढ्या मोठ्या लेखात यादीचा एक शब्द नाही. कुठलं पेन कुणाचं, कधी आलं, कुठून आलं, ते कुठे लिहून ठेवलंय की सगळं मालकाच्या डोक्यातच आहे?

मी हे विचारतोय कारण माझंही सगळं डोक्यातच होतं. २०१८ साली मराठी भाषा गौरव दिनाला, २७ फेब्रुवारीला, इथल्या एका संस्थेनं लेखन साहित्याचं प्रदर्शन भरवलं आणि माझ्याकडे पेनं मागितली. मी फराळाच्या डब्यात जुनं धोतर अंथरून २२ नग दिले, पेनं, टाक, दोन दौती, बोरूंची जुडी. मोजून दिले, लिहून दिले नाहीत. परत आले तेही २२. चहा झाला, सत्काराचा नारळ मिळाला, मी खुशीत घरी.

आठवड्याभरानं काकांचं पार्कर ५१, म्हणजे पार्कर कंपनीचं ५१ नावाचं जुनं शाईपेन, शाई भरायला काढलं तर हाताला काहीतरी वेगळं लागलं. टोपण स्टीलचं! आमचं सोन्याचा मुलामा दिलेलं होतं आणि क्लिपच्या खाली डाव्या बाजूला तांदळाएवढा पोचा, काका सायकलवरून पडले तेव्हाचा. आता ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो, ५१ चं टोपण फिरवून लावायचं नसतं, नुसतं सरकवायचं, आणि एकाचं दुसऱ्याला सहज बसतं, त्यामुळे कुणी मुद्दाम केलं असंही मी म्हणत नाही, टेबलावर इतरांचीही पेनं होती, आवरताना झालं असेल. फोन केला तर समोरून म्हणाले, आकडा तर बरोबर आहे ना साहेब, आणि तुमचं टोपण सोन्याचं होतं याला काही फोटोबिटो आहे का? नव्हता. काय बोलणार, गप बसलो.

त्या रागातनं रजिस्टर सुरू केलं. कचेरीत असतं तसं लांबडं, कापडी पाठीचं. एक्सेल मुलीनं नंतर करून दिलं, तेही आहे, पण मूळ कागदावरच. प्रत्येक वस्तूला नंबर, आधी साल मग क्रमांक, आणि इथे माझी अद्दल कामाला आली, पेनाच्या प्रत्येक सुट्या भागाला वेगळं अक्षर. टोपण अ, बॅरल ब, निबेचा भाग क. म्युझियमवालेही साधारण असंच करतात, साल, मग त्या साली कितवी वस्तू आली, मग भाग. नंबर पेनावर लिहायचा नाही हां, जाड कागदाची चिठ्ठी आणि सुती दोरा. रबरबँड अजिबात नको, उन्हाळ्यात वितळून चिकटतो, आणि सेलोटेपचा डिंक तर दहा वर्षांनीही निघत नाही. फोटो काढताना शेजारी फूटपट्टी ठेवायची. दोन मिनिटं जास्त लागतात एका पेनाला, पण लांबी लिहायचं काम वाचतं.

आणि पुसायच्या आधी लिहायचं! हे मोठ्या अक्षरात छापलंत तरी चालेल. मी काय केलं होतं, त्याच ५१ ला काही वर्षांपूर्वी टूथपेस्ट लावून घासून घासून आरशासारखं केलं होतं. नंतर कळलं की अमेरिकेत बनलेल्या त्या काळच्या पार्करवर बारीक आकडा आणि ठिपके असायचे, आकडा म्हणजे सालाचा शेवटचा अंक आणि ठिपक्यांवरून तिमाही. माझ्या पेनावर आता भिंगातून बघितलं तर नुसता गुळगुळीतपणा. मागच्या टोकाची छोटी टोपी फिरवून काढली की आत व्हॅक्युमॅटिक, म्हणजे दाबून शाई ओढायचा पंप आहे, नंतरच्या पेनांसारखी शाईची दाबायची नळी नाही, म्हणून एवढंच सांगता येतं की ५१ बाजारात आलं ते १९४१ आणि दाबायची नळी आली ते १९४८, या दोन्हीच्या मधलं कधीतरी. नेमकं साल मी स्वतःच्या हातानं नळाखाली सोडलं.

कपाटात लावताना कंपनीप्रमाणे लावू नका, रंगाप्रमाणे तर नकोच, वस्तू कशाची आहे त्याप्रमाणे लावा असं माझं मत. सेल्युलॉइडची (एक जुनं प्लास्टिक) पेनं वेगळी हवीत, हवा खेळती असलेल्या जागी, कारण ती जुनी झाली की त्यांच्यातून वाफा निघतात आणि शेजारच्या पेनाची निब आणि क्लिपसुद्धा गंजवतात (हलकं घासून वास घेऊन बघा, कापराचा आला तर सेल्युलॉइड). टाकांच्या पोलादी निबा कोरड्या डबीत, आमच्या साताऱ्याच्या पावसात त्या आठवड्यात तांबूस होतात. दौती शाई काढून धुऊन ठेवायच्या. बाटल्यांच्या लेबलांना कसर लागते, म्हणून लेबलाचा फोटो सगळ्यात आधी, माझ्याकडची कॅमल शाईची एक बाटली आता फक्त फोटोतच ओळखू येते. कॅमलवाल्या दांडेकरांनी १९३१ साली धंदा काढला तो घोडा छाप शाईच्या पुडीवर, तसली एखादी पुडी कुणाच्या माळ्यावर असेल तर कृपया फेकू नका, मला नको असली तरी चालेल पण फेकू नका.

टाइपरायटरचं सगळ्यात सोपं, त्याला सिरीयल नंबरच असतो. माझ्याकडचं गोदरेजचं मराठी मशीन बंद पडलेल्या एका टायपिंग क्लासातून आलं. गोदरेजनं १९५५ ला टाइपरायटर सुरू केले आणि २००९ ला थांबवले, आणि शिरवळचा त्यांचा कारखाना तर आमच्याच जिल्ह्यात, तरी क्लास बंद पडेपर्यंत मला एक मशीन घ्यावं असं सुचलं नाही.

रजिस्टरात शेवटचा रकाना आहे ‘कोणी सांगितलं’. बायको म्हणते हे काय पंचनाम्यासारखं, पण माझा सगळा जीव त्याच रकान्यात. एक साधा लाकडी टाक आहे, बाजारात त्याचे कुणी पन्नास रुपये देणार नाही. मागच्या टोकाला चार बारीक खड्डे, त्यात निळी शाई मुरलेली. नोंद अशी आहे: ‘दातांच्या खुणा. आजीच्या, वय ८-९. गणित अडलं की चावायची. स्वतः सांगितलं, गणपतीत, भांडी घासताना.’ आजी आता नाही. हे लिहिलं नसतं तर माझ्या मुलीला तो टाक उंदरानं कुरतडलाय असंच वाटलं असतं.

तर माझी विनंती दोन बाजूंना आहे. ज्यांच्याकडे चार का होईना जुनी पेनं आहेत त्यांनी एका बैठकीत जमेल तेवढं लिहून काढावं, घरातलं म्हातारं माणूस बोलतंय तोवर. आणि ज्या शाळा, वाचनालयं असली प्रदर्शनं भरवतात त्यांनी वस्तू घेताना देणाऱ्यासमोर मोबाईलवर फोटो काढून दोन प्रतींत सहीची पावती करावी, टोपण उघडून, निब दिसेल असा फोटो. एक साधं पावतीपुस्तक लागतं, आणि नंतर कुणाचं तोंड कडू होत नाही. नोव्हेंबरातल्या पहिल्या शुक्रवारी फाउंटन पेन डे असतो, तेव्हा परत पेनं मागायला लोक येतील, म्हणून आत्ताच लिहितोय.

आणि त्या प्रदर्शनाला ज्यांनी पेनं दिली होती त्यांनी एकदा आपापलं ५१ उघडून बघावं ही विनंती. सोन्याच्या मुलाम्याचं टोपण, क्लिपखाली डावीकडे तांदळाएवढा पोचा. तुमचं स्टीलचं माझ्याकडे नीट आहे, त्याला चिठ्ठी बांधलीय, पण नंबर दिलेला नाही.

आपला,
एक शाईपेनवाला वाचक, सातारा