फिस्टुला आत्ताच करून घे

प्रिय मित्रा,

काल फोनवर तू म्हणालास की ईजीएफआर, म्हणजे किडनी किती काम करतेय तो आकडा, 14 आलाय, डॉक्टर डायलिसिससाठी हाताला फिस्टुला करून घ्या म्हणतायत आणि तू अजून दोन-तीन महिने बघू म्हणतोयस, ते ऐकल्यापासून मला काही सुचेना, म्हणून लिहायला बसलोय.

15 च्या खाली म्हणजे किडनीच्या आजाराची पाचवी, शेवटची स्टेज, हे खरं. पण फिस्टुला केला म्हणजे उद्याच डायलिसिस असं नसतं रे. नुसता आकडा बघून सुरू करत नाहीत, मळमळ, भूक मरणं, अंगात पाणी साठून दम लागणं, पोटॅशियम वाढणं, असलं काही औषधांनी आवरेना की मग करतात. त्याला कदाचित काही महिने असतील, आणि फिस्टुला तयार व्हायलाही तेवढेच लागतात! मनगटाजवळ धमनी आणि शीर जोडतात, धमनीचं जोराचं रक्त शिरेत शिरतं, शीर हळूहळू फुगून जाड होते, तेव्हा कुठे तिच्यात त्या दोन जाड सुया घालता येतात. दीड महिना तरी धर, बऱ्याचदा दोन-तीन.

मी टाळलं होतं. बरं वाटतंय ना, मग कशाला हात कापून घ्यायचा. मग एका रात्री आडवं पडलं की श्वासच पुरेना, रात्रभर बसून काढली, सकाळी घाईघाईत मानेतल्या शिरेत कॅथेटर, म्हणजे नळी, घालून डायलिसिस. तिसऱ्या आठवड्यात त्यातनंच इन्फेक्शन झालं, मशीनवर असतानाच हुडहुडी भरली, चार चादरी घातल्या तरी दात वाजत होते. ते तुझ्या वाट्याला नको यायला.

आता रोज सकाळी उठलो की आधी फिस्टुलावर बोटं टेकवतो, मांजर घुरघुरतं ना तशी थरथर लागते. लागली की जिवाला बरं वाटतं, नाही लागली तर तडक हॉस्पिटल गाठायचं.

तुझा फिस्टुला होईपर्यंत तो करायचा तो डावा हात जप. तपासणीचं रक्त उजव्या पंजावरून द्यायचं, बीपीही उजव्यालाच. अंग दुखलं तरी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक मनाने घेऊ नकोस, किडनीचं उरलंसुरलं कामही त्याने जाऊ शकतं. आणि ट्रान्सप्लांटचं आत्ताच विचार, डायलिसिसच्या आधीसुद्धा तो करता येतो, मला हे कुणी वेळेवर सांगितलंच नाही.

डॉपलरची, म्हणजे हाताच्या रक्तवाहिन्यांच्या सोनोग्राफीची, तारीख मिळाली की कळव. सोमवार, बुधवार, शुक्रवार माझे चार-चार तास मशीनवर जातात, बाकी कुठलाही दिवस घे, मी येतो सोबत.

तुझाच